मालोजीरावांची शुगर आणि गोदक्काची म्याश

मालोजीरावांना शुगर निघाली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे आठ महिने त्यांच्या वागण्यावरून आमच्या गल्लीत कुणालाच तसं वाटलं नाही. गेल्या उगादीनंतर, म्हणजे गुढीपाडव्यानंतर, त्यांनी रक्त तपासून घेतलं. उपाशीपोटीचा आकडा एकशे अठरा आला. डॉक्टर म्हणाले, "शुगर नाही, पण बॉर्डरवर आहात. जरा सांभाळून खा."

दुसऱ्या एखाद्याने चहातली साखर कमी केली असती आणि विषय संपवला असता. पण मालोजीराव पडले लढवय्यांच्या घराण्यातले. त्यांचे खापरपणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते म्हणे. खुद्द मालोजीरावांनी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळलं आणि त्या टेबलावर एकदाही हल्ला झाला नाही. बॉर्डरवर उभं राहायची संधी निवृत्तीनंतर सहा वर्षांनी चालून आली होती. ती ते सोडतात कशाला?

मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात समोरचं घर म्हणजे एकीकडे मिरचीची फोडणी पडली की दुसरीकडचा माणूस शिंकतो, एवढं अंतर. त्यामुळे पुढचं सगळं मी काही अंशी डोळ्यांनी पाहिलं, उरलेलं मालोजीरावांच्या आवाजामुळे ऐकलं, आणि जे त्यांनी हळू आवाजात केलं ते गोदक्काने मला नंतर सांगितलं.

गोदक्का म्हणजे त्यांची बायको, गोदावरीबाई. माहेर सरगूरचं, शेतकऱ्याचं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या गल्लीत आली, आता एकसष्ट. बुटकी, भरभर चालणारी, बोलायला कमी. बेचाळीस वर्षांत तिने या घरात काय केलं असं विचारलं तर ती सांगेल, "काही नाही, घरीच होते." मालोजीरावही हेच सांगतात, पण त्यांच्या तोंडून ते जास्त खरं वाटतं.

त्या घरात दर रविवारी एक पदार्थ होतो, त्याला ते 'म्याश' म्हणतात. उकडलेला बटाटा गरम असतानाच डाळ घोटायच्या लाकडी रवीने घोटायचा, त्यात लिंबाएवढा लोण्याचा गोळा, कोमट दूध, मिरपूड, आणि वरून मोहरी, हिंग, सुक्या मिरचीची फोडणी. मटणाच्या सारूबरोबर, म्हणजे पातळ रश्शाबरोबर, हे खाल्लं की माणूस तासभर भांडत नाही. मालोजीराव सांगतात की खापरपणजोबांना एका गोऱ्या साहेबाने मेजवानीला बोलावलं होतं, तिथे त्यांनी हा पदार्थ चाखला आणि घराण्यात आणला. गोदक्काला तिच्या सासूने जरा वेगळं सांगितलं होतं. खापरपणजोबा साहेबाच्या मुदपाकखान्यात बटाटे सोलायला होते. घोडा होता, पण तो साहेबाचा.

तर उगादीनंतरच्या पहिल्या रविवारी जेवण झाल्यावर त्या घरात सभा भरली. मुलगा शरत, जो आठवड्यातले चार दिवस वरच्या खोलीत बसून बेंगळुरूच्या कंपनीचं काम करतो. सून नव्या, जिचं काम एका ऑफिसात माणसांना कामं नेमून देणं हे आहे. ते ती घरीही विनामूल्य करते. आणि खुद्द पेशंट.

"अप्पा, बटाटा पूर्ण बंद," शरत म्हणाला.

"बंद कशाला? रिप्लेस करायचा," नव्या म्हणाली. "हल्ली सगळे फ्लॉवरची म्याश करतात. चव सेम असते."

"आणि लोणी?" मालोजीरावांनी विचारलं.

"ऑलिव्ह ऑइल."

"दूध?"

"बदामाचं."

गोदक्का ताटं गोळा करत होती. ती थांबली. "म्हणजे बटाटा नाही, लोणी नाही, दूध नाही. मीठ तरी घालू की तेही रिप्लेस करू?"

"मीठ कमी, अत्ते. अप्पांचं बीपी आहे ना," नव्या म्हणाली. सासूला ती कानडीतलं अत्ते म्हणते.

मालोजीराव छाती पुढे काढून म्हणाले, "ठरलं. रविवारची वाट कशाला? उद्यापासून रोज आपण करायचं."

त्या घरात 'आपण' हा शब्द गोदक्कासाठी वापरतात.

फ्लॉवर वाफवला की त्याला पाणी सुटतं, हे फ्लॉवर सुचवणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या दिवशीची म्याश वाटीत ओतावी लागली. मालोजीरावांनी एक चमचा घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "ही म्याश की तांदळाची गंजी?" दुसऱ्या दिवशी गोदक्काने वाफवलेला फ्लॉवर पंच्यात बांधून पिळला. मग तो घट्ट झाला, पण ओल्या पंच्याचा वास त्यात गेला असं मालोजीरावांचं म्हणणं पडलं. तिसऱ्या दिवशी तिने पिळलेला फ्लॉवर कढईत परतून कोरडा केला, दोन लसूण पाकळ्या ठेचून घातल्या, आणि ते खरोखर चांगलं लागलं. मी चाखलं होतं. मालोजीराव म्हणाले, "ठीक आहे. पण याला म्याश म्हणता येणार नाही."

मग कच्ची केळी आली. ती उकडून घोटली की रंग पाटीवरच्या पुसलेल्या खडूसारखा होतो आणि रवी वर उचलली की पातेलं बरोबर येतं. मग ओट्स आले. मग जूनमध्ये कुणीतरी मालोजीरावांना फोनवर पाठवलं की सुरण हा बटाट्याचा मोठा भाऊ आहे. गोदक्काने सुरण चिंच घालून उकडला. त्याचं उकळतं पाणी ओतताना भांडं निसटलं आणि तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर पाणी पडलं. तशीच तिने म्याश घोटून वाढली, आणि मग ती नळाखाली पाय धरून उभी असताना बाहेरून आवाज आला, "अगं, घशाला खाजतंय. नीट शिजवलं नाहीस वाटतं!"

बॉर्डरवर असे घाव सोसावेच लागतात.

दरम्यान शरत आणि नव्याला काही झालेलं नव्हतं. "आम्ही का सोडायचं?" शरत म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. म्हणून रोज दोन पातेली चढायची. एक पेशंटचं, एक निरोग्यांचं. निरोग्यांच्या पातेल्यात खरा बटाटा, खरं लोणी. अन्न टाकायचं नाही हा त्या घराचा जुना नियम. तो कुणी केला ठाऊक नाही, पाळायचं काम मात्र एकटीकडे होतं. मालोजीरावांनी दोन चमचे खाऊन सरकवलेलं जे काही असेल ते, आणि दुसऱ्या पातेल्याच्या तळाशी राहिलेली लोण्याची म्याश, हे दुपारी तीन वाजता गोदक्का ओट्याशी उभी राहून चपातीबरोबर संपवायची.

"सुम्ने वाया कशाला घालवायचं?" ती मला म्हणायची. सुम्ने म्हणजे उगाच. हा कानडी शब्द आम्हा म्हैसूरच्या मराठी माणसांना इतका लागतो की तो काढून घेतला तर अर्धं बोलणं बंद पडेल.

त्या उन्हाळ्यात तिला तहान फार लागायची. तसं ती एकदा जेवताना म्हणालीही. शरत चांगला मुलगा आहे. त्याने दुसऱ्याच दिवशी तिला तीन लिटरची स्टीलची बाटली आणून दिली.

मालोजीराव सकाळी पार्कात चालायला जायला लागले होते. तिथे शुगर असलेली माणसं भरपूर. त्यांच्यात खरी शुगर नसलेला हा एकटाच, त्यामुळे बोलायला दम शिल्लक असलेलाही हाच. फ्लॉवर पिळून घ्यावा, मग कढईत कोरडा करावा, लसूण ठेचूनच घालावी, हे ते अशा अधिकाराने सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, माणसाचे हात पहाटेपासून कढईतच असतात. नुकतेच निवृत्त झालेले एक प्रोफेसर तर वहीत लिहून घ्यायचे. मालोजीरावांना घरच्या गॅसची शेगडी डावीकडे फिरवून पेटते की उजवीकडे, एवढंच काय ते माहीत नव्हतं.

पार्कातली ही कीर्ती भुजंगरावांच्या कानावर गेली. भुजंगराव आमच्या समाजाच्या सभागृहाचे सेक्रेटरी. नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिथे मोफत तपासणीचं शिबिर होतं. देवराज मोहल्ल्यात दवाखाना असलेल्या डॉक्टर वरलक्ष्मी येणार होत्या. भुजंगराव म्हणाले, डॉक्टरांचं काय, त्या इंग्रजीत बोलतील, आपल्या माणसाचा अनुभव हवा. विषय ठरला: 'बटाट्याशी माझा लढा'. आणि नुसतं बोलून काय उपयोग, लोकांना चव दाखवली पाहिजे. साठ माणसांची.

"आपण करू," मालोजीराव म्हणाले.

त्या रविवारी गोदक्का पहाटे चारला उठली. अठरा फ्लॉवर. मी मदतीला गेले तेव्हा तिने पंचे पिळून पिळून हात लाल करून घेतले होते. चालताना डावा पाय जरा उचलून टाकत होती. मी म्हटलं, "अंगठा अजून बरा नाही?"

"भरतो आणि फुटतो. चप्पल लागते बहुतेक."

जूनचं भाजलेलं, नोव्हेंबर आला होता. मी शाळेत विज्ञान शिकवते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला कळलं नाही. मी म्हटलं, "हळद लाव."

सभागृहात मालोजीराव फेटा बांधून आले. फ्लॉवरवर बोलायला फेटा लागतो की नाही यावर मतभेद असू शकतात, पण त्यांना तो शोभत होता. त्यांनी चाळीस मिनिटं घेतली. सुरुवातीची पंधरा घोडदळात गेली. मग ते बॉर्डरवर आले. मागच्या बाजूला डॉक्टरांबरोबर आलेली तारा नावाची नर्स टेबल मांडून बोटं टोचत होती, आणि त्याच्याही मागे, हात धुवायच्या जागेशी, गोदक्का पातेली विसळत होती.

मी तिला हाताला धरून टेबलाशी आणलं. "चल, तूही बोट दे."

"मला काय झालंय? त्यांचं आहे ते."

"सुम्ने दे. शिबिर फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर तिने पदराला हात पुसून बोट पुढे केलं. ताराने यंत्राकडे पाहिलं, मग गोदक्काकडे, मग पुन्हा यंत्राकडे. "अक्का, हाताला गोड काही लागलंय का?" तिने तिला साबणाने हात धुवायला लावला आणि दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. पहिल्यांदा दोनशे चौऱ्याहत्तर आले होते. आता दोनशे एक्क्याऐंशी.

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"काही नाही," गोदक्का म्हणाली. "फक्त मीठ बघायला चमचाभर फ्लॉवर."

पुढे माइकवरून मालोजीराव सांगत होते, "हे सगळं जमतं, फक्त घरातल्या बाईने मनावर घेतलं पाहिजे." टाळ्या पडल्या.

डॉक्टर वरलक्ष्मी उठून मागे आल्या. साठीच्या, बारीक, कॉटनची साडी, आवाज कधी वर जात नाही. त्यांनी तहान विचारली, रात्री किती वेळा उठावं लागतं ते विचारलं. मग त्यांची नजर चपलेवर गेली. तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून त्यांनी अंगठा पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात या. घरच्यांना घेऊन."

साडेसहाच्या वर गेली की शुगर म्हणतात ती तीन महिन्यांची सरासरी दुसऱ्या दिवसाच्या तपासणीत नऊ पूर्णांक आठ निघाली. डॉक्टरांच्या अंदाजाने हे किमान दोन वर्षं चाललेलं असावं.

त्या संध्याकाळी समोरच्या घरात पहिल्यांदाच कुणी मोठ्याने बोललं नाही. मी इडल्या घेऊन गेले होते, म्हणून मला दिसलं. मालोजीराव खुर्चीत बसून दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी धरून पाहत होते. एकीकडे त्यांचे एकशे अठरा, ज्यांच्यावर आठ महिने घर चाललं होतं. दुसरीकडे हा आकडा. ते म्हणाले, "पण शुगर तर आमच्या घराण्यात आहे. हिला कशी झाली?"

त्यांचा सूर असा होता, जसं कुणीतरी न विचारता त्यांची वस्तू उचलून नेली.

शरत आईच्या पायाशी जमिनीवर बसला होता. "आई, सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की," गोदक्का म्हणाली. "तहान लागते म्हटलं. तू बाटली आणून दिलीस." आणि मग त्याचा चेहरा पाहून, "बाटली चांगली आहे रे. पाणी गार राहतं."

नव्या आत निघून गेली. ती रडत होती की आणखी एक तक्ता बनवत होती हे मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही, कारण दुसऱ्या दिवशी फ्रिजवर नवा तक्ता होता आणि त्यातलं पहिल्या ओळीतलं अक्षर पाण्याने पसरलं होतं.

डॉक्टर वरलक्ष्मींनी गोळ्या लिहून दिल्या. जखमेला रोज मलमपट्टी, आणि ती भरेपर्यंत स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही. हे शेवटचं ऐकून मालोजीराव म्हणाले, "मग जेवणाचं कसं?"

डॉक्टर म्हणाल्या, "सभागृहात तुम्ही फार छान समजावून सांगितलंत. तुम्हीच करा की."

गोदक्काला विचारायचं होतं ते तिने सर्वांत शेवटी विचारलं. "बटाटा कायमचा बंद का?"

"कोण म्हणालं? मापात खा. तुमच्या मुठीएवढा, सालासकट, रोज नाही. नुसता खाऊ नका, बरोबर कडधान्य घाला, घट्ट दही घाला. लोणी नको. आधी भाजी-कोशिंबीर, मग तो. आणि उभं राहून, उरलंसुरलं, तीन वाजता खायचं नाही. ताट वाढून घ्यायचं, सगळ्यांबरोबर बसायचं."

गोदक्का मला म्हणाली, "इतकं सोपं होतं बघ. आठ महिने आम्ही त्या फ्लॉवरला पिळत होतो."

मलमपट्टी मालोजीरावांकडे आली. शरतला रक्त पाहवत नाही, आणि नव्याची सकाळची मीटिंग असते. पहिल्या दिवशी पट्टी सोडून त्यांनी अंगठा पाहिला. वाकून पुन्हा पाहिला. मग विचारलं, "हे कधी भाजलं?"

"जूनमध्ये. तुम्ही म्हणालात ना, सुरण नीट शिजला नाही."

त्यांनी पट्टी बांधली. गाठ इतकी सैल बांधली की दुपारी ती सुटली. मग त्यांनी पुन्हा बांधली. कुणाला दाखवायला आले नाहीत, माझ्या दारावरून जातानाही काही बोलले नाहीत. असं त्यांच्या बाबतीत मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

पण स्वयंपाक हा निराळा प्रांत. पहिल्या सकाळी गोदक्का स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून बसली. आमची खिडकी उघडी होती. मी ती बंद केली नाही.

"किती पाणी?"

"बटाटे बुडतील एवढं."

"म्हणजे नक्की किती?"

"अहो, पार्कात काय सांगत होता?"

मग कुकरची शिट्टी, मग भांडं पडल्याचा आवाज, मग मालोजीराव, "अय्यो, हे तर गरम आहे!"

घोटायला त्रास नको म्हणून त्यांनी अक्कल चालवली आणि उकडलेले बटाटे मिक्सरमध्ये फिरवले. बटाटा मिक्सरमध्ये फिरवला की त्याचा डिंक होतो. चमचा उभा राहिला आणि मग निघेना. त्यांनी पातेलं गोदक्कासमोर आणून धरलं. तिने चमचा ओढून पाहिला, आणि तिला हसू फुटलं. इतक्या वर्षांत त्या घरातून तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. आधी बांगड्यांचा आवाज, मग हसणं, मग खोकला, मग पुन्हा हसणं. वरच्या खोलीतून शरत मीटिंग सोडून खाली धावत आला. त्याला वाटलं काहीतरी झालं.

"पत्रकं चिकटवायला ठेवा," ती म्हणाली. "भुजंगरावांना लागेल पुढच्या शिबिराला."

मालोजीराव रागावून बाहेर गेले आणि अर्ध्या तासाने पुन्हा बटाटे घेऊन आले.

डिसेंबरात सरगूरहून तिच्या भावाने, वेंकोबाने, गोणीभर अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, पाठवली. थंडीत म्हैसूरच्या घराघरात या शेंगांचा वास भरून राहतो. दाणे रात्रभर भिजवून एकेक दाणा बोटांनी दाबायचा, साल सुटून आतला हिरवा दाणा उडी मारून ताटात पडतो. काम किचकट. दरवर्षी गोदक्का एकटी करते आणि बाकीचे "या वर्षी दाणे कमी आले" म्हणत खातात. या वर्षी तिने परात हॉलमध्ये मांडायला लावली.

"बसा सगळे," ती म्हणाली.

"अत्ते, माझा कॉल..."

"कॉलला हात लागत नाहीत. कानात घाल ते आणि बस."

तिघं बसले. नव्या कॉलवर कुणाला तरी टार्गेट समजावत दाणे सोलत होती. शरतचे दाणे सोफ्याखाली उडत होते. मालोजीरावांचा वेग पाहता गोणी पुढच्या थंडीपर्यंत पुरली असती, पण ते उठले नाहीत. कमरेत उसण भरल्यावर फक्त एकदा विचारलं, "हे दरवर्षी किती असतं गं?"

"एवढंच," ती म्हणाली.

तिने खुर्चीतूनच सांगितलेली ती म्याश अशी. दोन बटाटे, चांगले घासून धुतलेले, सालासकट उकडायचे. तेवढेच सोललेले अवरेचे दाणे, मऊ शिजवून. दोन्ही गरम असतानाच रवीने घोटायचं, पण पार गंधासारखं गुळगुळीत नाही करायचं, दाणा दाताखाली आला पाहिजे. जरा निवल्यावर पाण्याशिवायचं घट्ट दही, ठेचलेली लसूण, मिरपूड, कोथिंबीर. वरून एक चमचा तेलात मोहरी, हिंग, एक मिरची. तिने मुठीएवढी वाढून घेतली, आधी कोशिंबीर खाल्ली, मग ती. बाकीच्यांना तीच वाढली. दुसरं पातेलं नव्हतं.

पहिल्यांदा झाली तेव्हा मीठ जास्त होतं. मालोजीरावांनी दोनदा घातलं होतं, एकदा स्वतःहून आणि एकदा विसरून. तरी सगळ्यांनी खाल्ली. मलाही वाटी आली. मी 'छान' म्हटलं आणि दोन ग्लास पाणी प्यायले. चौथ्या-पाचव्या खेपेला ती खरोखर जमली. शरत म्हणाला, ही आधीच्यापेक्षा चांगली आहे. मालोजीराव म्हणाले, "हात लागतो त्याला," आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

अंगठा जानेवारीच्या अखेरीस भरला. गोदक्का पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहायला लागली, पण सगळे दिवस नाही. मंगळवार आणि रविवार मालोजीरावांकडे राहिले. तक्त्यावर तसं नव्याने लिहिलं, आणि मालोजीरावांनी खाली सही केली, आवक-जावकची सवय. पार्कात त्यांनी आता सालासकट बटाट्याचा प्रचार सुरू केला आहे. फ्लॉवरचा विषय निघाला की म्हणतात, "ते जुनं झालं." प्रोफेसरांनी मागची पानं खोडली. गोदक्काचं नाव ते अधूनमधून घेतात. "मिसेसच्या तब्येतीसाठी मी हे शोधून काढलं" असं घेतात, पण घेतात.

गोदक्काला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असू दे. रविवारी मला आठपर्यंत झोपायला मिळतं."

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा तपासणी झाली. सरासरी सात पूर्णांक सहावर आली होती. डॉक्टर वरलक्ष्मी म्हणाल्या, अजून उतरली पाहिजे, पण वाट बरोबर आहे. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मालोजीराव म्हणाले, "चल, तुला काहीतरी खायला घालतो," आणि देवराज मोहल्ल्यातल्या एका जुन्या हॉटेलात घेऊन गेले. लग्नानंतर तिला ते तिथे दुसऱ्यांदा घेऊन आले होते. पहिली खेप शरतच्या जन्माआधीची.

दोघांत एक मसाला डोसा मागवला. गोदक्काने आधी वाटीतली काकडीची कोशिंबीर संपवली, मग डोसा मधोमध कापून मोठा भाग त्यांच्याकडे सरकवला, आतल्या बटाट्याच्या पल्याचा, म्हणजे भाजीचा, निम्मा भाग चमच्याने बाजूला काढला, आणि सावकाश, टेकून बसून खायला लागली. मालोजीरावांनी एक घास घेतला, चावला, आणि वेटरला बोटाने बोलावलं.

"बटाटा सालासकट घ्यायला पाहिजे होता," त्यांनी कानडीत त्याला सुनावलं. "साल टाकता तुम्ही लोक. सगळं त्या सालातच असतं. आणि घोटलाय फार. मिक्सरला लावलात का?"

वेटरने गोदक्काकडे पाहिलं.

"एनिल्ला," ती म्हणाली. काही नाही. "दोन ग्लास पाणी आण बाबा."

तो पाणी आणायला गेला. मालोजीराव बोलतच होते. गोदक्काने चटणी पुढे ओढली.